मोकळ्या रानातले प्राणी

४ फेब्रुवारी १९७९, मानक नगर
आजपासून मी कवी. चंदाला मराठी सगळं कळतं, पण इथं हिंदी मुलखात वाढलेली पोरगी उत्तर हिंदीतच देते. उपाय सापडला: प्राण्यांच्या कवितांचं सचित्र पुस्तक. बायको कांता म्हणाली, त्यापेक्षा रोज तिच्याशी बोलत जा. हिला साहित्यातलं काय कळतंय!

११ फेब्रुवारी
हत्ती झाला. 'मोकळ्या रानी हत्ती हिंडे, सोंडेने ओढी बांबूचे शेंडे.' चंदाला ऐकवला. म्हणाली, "अच्छा, पापा." भारावली असणार.

१८ फेब्रुवारी
इथल्या मराठी मंडळाच्या मीटिंगमध्ये अध्यक्ष आत्मारामजींनी सहज विचारलं, यंदा जयंतीला नवीन काय? तोंडातून निघून गेलं, माझं पुस्तक. टाळ्या. १४ एप्रिलला प्रकाशन. चंदा कविता म्हणणार, हेही मीच जाहीर केलं. उद्यापासून पहाटे पाचला उठणे.

१९ फेब्रुवारी, सकाळी आठ
डास फार.

११ मार्च
चित्रं आमच्या ऑफिसातला ड्राफ्ट्समन नरेंद्र काढणार. हात सोन्याचा, पण समोर बघितल्याशिवाय रेघ मारत नाही. त्याला चिडियाघरात, म्हणजे प्राणिसंग्रहालयात, पाठवला. मीही जाणार होतो. ऊन होतं.

८ एप्रिल
घात झाला! नरेंद्रनं मला न दाखवता छपाईचे स्टेन्सिल कापले, प्रतीही काढून आणल्या. हत्ती, वाघ, अस्वल, सगळे गजांआड. गज पट्टीनं मारलेले. खाली माझं 'मोकळ्या रानी'. झापला त्याला. शांतपणे म्हणतो, "भाईसाहब, जो दिखा, वही बनाया."
आता बदलता येत नाही, नाही म्हणता येत नाही. चारबाग स्टेशनला जाऊन सरळ नागपूरची गाडी धरावीशी वाटते. रजा शिल्लक नाही. चंदा कविता पाठ करायला तयार नाही.

१० एप्रिल
गज हे प्रतीक आहे. जाणकारांना कळेल. चंदा आयत्या वेळी म्हणेल, माझं रक्त आहे.

१४ एप्रिल, संध्याकाळ
चंदा माईकपुढे उभी राहिली. कविता सोडून नुसती पानं उलटत राहिली. मी खालून ओठ हलवून हत्ती सांगत होतो. ती शेवटच्या पानावर थांबली. तिथं कवीचा फोटो हवा होता, मी द्यायचा विसरलो, म्हणून नरेंद्रनं मला काढलेलं. ऑफिसच्या खिडकीत रोज दिसतो तसा. खिडकीला गज.
चंदानं पान माझ्याकडे फिरवलं. माईकवर, स्वच्छ मराठीत, आयुष्यात पहिल्यांदा:
"बाबा, ह्या प्राण्याची कविता कुठंय?"
मंडप हसला. कांता हसता हसता रडली. चंदा मात्र उत्तरासाठी थांबली होती.
ती कविता मी लिहिलेली नाही.