व्याह्यांना गाव दाखवले त्याची हकीकत

हॅलव्हर्सन फॉल्स, विस्कॉन्सिन
शनिवार, १५ ऑक्टोबर १९८८, सकाळचे सव्वासहा. (व्याह्यांच्या बुटांतला चिखल चमच्याने काढतो आहे.)

तीर्थरूप जेनेव्हीव आत्यास नॉर्बर्टचा नमस्कार.

तुझा गुडघा आता जिने चढू देत असेल आणि दुलुथला बर्फ पडण्याआधी तुझ्या खिडक्यांना प्लास्टिक लावून झाले असेल, असे धरून चालतो. इकडे सर्वांच्या प्रकृती ठीक आहेत. म्हणजे बाबा जेवतात, झोपतात, आणि महिना झाला घरात कोणाशी बोलत नाहीत. काळजी करू नकोस. (ती मी करतो आहे.)

झाले असे. रोझॅनताईच्या होणाऱ्या सासूबाई, मिसेस थॉर्न, यांनी सॅन दिएगोहून फोन करून बाबांना विचारले, "मुलीचा हात धरून वेदीपर्यंत तुम्हीच नेणार ना?" बाबा म्हणाले, "छे, माझ्यासाठी काही अडवून ठेवू नका. तुमच्या सोयीनं करा." आता हा होकार आहे हे तुला सांगायला नको. आपल्याकडे पहिला नकार म्हणजे नुसते घसा साफ करणे, दुसरा म्हणजे खुर्ची पुढे ओढणे, आणि तिसऱ्यांदा विचारले की माणूस म्हणतो, "बरं, तुमचा एवढा आग्रहच असेल तर." पण समुद्राकाठच्या लोकांत नको म्हणजे नकोच असते. विहीणबाई म्हणाल्या, "तुमच्या इच्छेचा मान ठेवते," आणि फोन ठेवला. पुढच्या आठवड्यात छापील पत्रिका आल्या. वधूला नवरदेवाचे काका घेऊन येतील, असे त्यात आहे. बाबांनी पत्रिका दोनदा वाचली, घडी केली आणि तळघरात जाऊन घर तापवायची भट्टी साफ करायला बसले. ती मी आदल्याच दिवशी केली होती.

मी ताईला शिकागोला फोन करून सगळे सांगितले. ती म्हणाली, "आई गेल्यापासून त्यांना माझं काहीच नकोय, नॉर्बी. हवं असेल तर स्वतःच्या तोंडानं सांगावं." मग नाक पुसून म्हणाली, "व्याही-विहीण आठ दिवस आधी येतायत. त्यांना गाव दाखव. आणि तोंड पाडून दाखवू नको."

तेव्हा काल सकाळी मोटेलवरून दोघांना उचलले आणि पहिल्यांदा धबधब्यावर नेले. (तो धरणाखाली गेल्याला साठ वर्षे झाली, पण गावाचे नावच त्याच्यावरून असल्यामुळे तो टाळता येत नाही.) कठड्याशी उभे राहून सपाट पाण्याकडे बोट दाखवले. व्याह्यांनी फोटो काढला. तिथून बटणांच्या संग्रहालयात. किल्ली मिसेस नोवाकांकडे असते आणि त्यांचे परवा पित्ताशय काढले, म्हणून काचेला नाक लावून शिंपल्यांची बटणे पाहिली. एक कपाट दिसले. पुढे बागेतले अस्वल. अस्वल ऑगस्टमध्ये वारले. पिंजरा आहे, आणि खायला घालू नये ही पाटीही आहे. व्याह्यांनी जवळचा शेंगदाण्यांचा पुडा मुकाट्याने खिशात ठेवला. वावटळीच्या स्मारकावर सतरा नावे आहेत, त्यांतली चार माझ्या शाळेतली. ती कोण कोण ते सविस्तर सांगितले. विहीणबाई म्हणाल्या, "नॉर्बर्ट, बाळ, रोझॅनला आवडायची अशी एखादी जागा दाखव ना."

मला एकच जागा सुचली. तिथे नेले.

दफनभूमीत आईच्या दगडापाशी पाऊस मुरून चिखल झाला आहे. व्याही आदराने एक पाऊल पुढे झाले आणि घोट्यापर्यंत आत गेले. मी त्यांना उपसत असताना विहीणबाई दगडावरचे नाव वाचत होत्या. म्हणाल्या, "तुझ्या वडिलांना माझा राग आलाय का?" तेव्हा मी तीनदा विचारण्याची आपली रीत पहिल्यापासून सांगितली. त्या दगडाकडेच बघत होत्या. म्हणाल्या, "म्हणजे मी एकदाच विचारून त्या माणसाच्या हातातून त्याची मुलगी काढून घेतली?" मी म्हणालो, "तसं नाही." (तसेच आहे.) "आणि चौथ्यांदा विचारलं तर?" म्हणालो, "तर अपमान."

संध्याकाळी चर्चच्या तळघरात माशांची पंगत. बाबा नेहमीप्रमाणे कढईवर. विहीणबाई ताट घेऊन थेट त्यांच्यापुढे उभ्या राहिल्या. बाबांनी एक तुकडा वाढला. त्या नको म्हणाल्या, आणखी एक आला. खरोखरच नको म्हणाल्या, तिसरा आला. मग म्हणाल्या, "रोझॅनला तुम्हीच न्यावं, असं मला मनापासून वाटतं." झारा थांबला. बाबा म्हणाले, "छे छे. तुम्ही ठरवलंय ते छान आहे." खुर्ची पुढे ओढली होती, आत्या, मी पाहिले. विहीणबाईंनी तिसऱ्यासाठी श्वास घेतला आणि इतक्यात ओल्या मोज्यांचे व्याही मागून येऊन अतिशय प्रेमाने म्हणाले, "मारियन, पुरे आता. नाही म्हणतायत ना ते? किती छळशील बिचाऱ्यांना?"

बाबांनी मान हलवली आणि कढईकडे वळले. पुढच्या माणसाला त्यांनी माशाबरोबरचा कोबी वाढलाच नाही.

परत जाताना गाडीत विहीणबाई नवऱ्याशी बोलल्या नाहीत. मला म्हणाल्या, "उद्या परत विचारू का?" पण मध्येच मोडलेला आग्रह पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागतो, आणि दोघे आज सरोवरावर जाऊन लग्नाच्या आदल्या दिवशीच परतणार आहेत. माझ्या विचारण्याला किंमत नाही, मी घरातलाच. ताई विचारणार नाही. पुढच्या शनिवारी ती परक्या काकांचा हात धरून बाबांच्या बाकाजवळून जाईल, आणि त्यानंतर ती दोघे एकमेकांशी हवापाण्याशिवाय काही बोलतील असे मला वाटत नाही.

दुलुथच्या सर्वांना नमस्कार. खिडक्यांची काळजी घे.

तुझा,
नॉर्बर्ट

ता. क. विहीणबाईंचे दोनदा विचारून झाले आहे, ते वाया गेले असे मी धरत नाही. तिसऱ्यांदा विचारणारे माणूस वडीलधारे हवे आणि समोर उभे राहून विचारणारे हवे. बाबांपेक्षा मोठी तू एकटीच उरली आहेस.

ता. क. २. "माझ्यासाठी कुणी धावपळ करू नका, मी लग्नाला येत नाही," असे तुझे कार्ड आले होते. तो पहिला नकार धरला आहे. हे पत्र म्हणजे दुसऱ्यांदा विचारणे. मंगळवारी रात्री फोन करीन, ते तिसऱ्यांदा. बुधवारच्या बसचे तिकीट आत घातले आहे.

ता. क. ३. बाबा आत्ता वर आले. "कुणाला लिहितोस?" म्हणाले. महिन्यात घरात बोललेले पहिले वाक्य. सांगितले. म्हणाले, "तिला म्हणावं, माझ्यासाठी एवढ्या लांब यायची काही गरज नाही," आणि मागच्या खोलीतल्या पलंगावरची खोकी उचलायला गेले.