जावाच्या कवितेले उष्टं म्हणणारा पाहुणा

ती. बाबांस,

यामिनीचा योग्याकार्ताहून नमस्कार. मी बरी हाये, जेवण वेळेवर होते. आईचा गुडघा कसा हाये? संत्र्याचा बहार टिकला काय?

दुसऱ्या कोणाकडून कळायच्या आधी मीच सांगते. काल इथल्या विद्यापीठात आपल्याकडचे एक मोठे प्राध्यापक भाषणाले आले होते. जुन्या जावानीज भाषेची एक ओळ त्याइले वाचता येत नाई. तरी माईकवर म्हणाले, "इथल्या कवींनी आपल्या संस्कृत काव्याचंच उष्टं गिरवलं."

मी ज्यांच्याकडे शिकते त्या इथल्याच रत्नाबाई समोरच बसल्या होत्या. त्याइचा सारा जन्म ताडपत्रं वाचण्यात गेला. पाहुण्याचा मान म्हणून त्या गप्प राह्यल्या.

मले नाई राहवलं. उभी राहून म्हणलं, "सर, कथा आपली घेतली, पण तिच्यात समुद्र त्याइचा हाये, दुःख त्याइचं हाये. तुमी एक तरी पान वाचलं काय?"

ते हसले. "कोणत्या गावची तू?"

"कारंजा घाडगेची."

"तिथं असंच बोलायले शिकवतात वाटते."

बाबा, तुमी तिथल्याच शाळेत शिकवता. हे मले फार झोंबलं.

माझ्या शिष्यवृत्तीची मुदत वाढवायचं त्या सरांच्याच हाती हाये. आज संध्याकाळपर्यंत माफीचं पत्र पाठव, असा निरोप आला. रत्नाबाई म्हणाल्या, "माझ्यापायी नुकसान नको करून घेऊ, लिहून टाक."

लिहायले बसली, पण माफी काई उतरली नाई. त्याच कागदावर तुमाले लिहून राह्यली. लवकर परत यावं लागलं, तर आईले तुमीच समजावजा.

तुमची,
यामिनी