लोणीच्या गोदामाचे हिस्से

४ मार्च
डॉक्टर म्हणाले, यांच्या हृदयाची झडप बदलावीच लागेल, महिनाअखेरच्या आत. मी मनात म्हटलं, लोणी देवकरच्या गोदामाचे हिस्से आहेत ना. घरी येताच फोनवरूनच विकायला टाकले.

७ मार्च
एकही खरेदीदार नाही. भाडं मात्र आजही वेळेवर जमा. ज्या कंपनीकडून घेतले, तिच्या पत्रकात हिश्शांची किंमतही वाढलेली. देणारं कुणी नाही, तर वाढली कुठे?

९ मार्च
कापडाचं दुकान विकलं तेव्हा मी बँक म्हणत होते. हे म्हणाले, "व्याज नको, सलमा. भाडं चालेल." जमीन मलाच नको होती. अब्बांचं सणसरचं रान विकायला बहिणींच्या सह्या गोळा करण्यात किती वर्षं गेली! गोदामाचे हिस्से विकणं म्हणजे फोनवर एका बोटाचं काम, वाटलं, म्हणून तेच घेतले. शिवाय भाडं बँकेच्या व्याजाहून जास्त. जास्त का, ते विचारलंच नाही. आपले पैसे अडकून पडतात, त्याचेच जास्त देत होते ते.

१२ मार्च
नियमाप्रमाणे बाहेरच्याला विकण्याआधी इतर हिस्सेदारांना विचारायचं. त्यांतल्या सणसरच्या तात्यांना फोन. त्यांच्या तिन्ही लेकींच्या लग्नाचा बस्ता आमच्याच दुकानातला.
"भाभी, माझंच दिवाळीपास्नं इकायला टाकल्यालं हाय. कुत्रं फिरकंना." मग, "शेठला म्हणावं, बस्त्याला लई घासाघीस केली. माफी करा."
हसले. फोन ठेवल्यावर रडू आवरेना.

१५ मार्च
पुण्याहून एकाने मागितले. निम्म्या किमतीत. उद्या संध्याकाळपर्यंत कळवा, म्हणे. ऑपरेशन कसंबसं निघेल. पुढे खायचं काय?
हे म्हणतात, "निम्म्यात? वेडी का तू? थांबू. येईल भाव."
थांबू म्हणतात, आणि जिन्याच्या प्रत्येक पायरीवर थांबतात.

१६ मार्च
शाळेत सिस्टरांनी शिकवलेली प्रार्थना, अम्मीने शिकवलेली दुआ, दोन्ही म्हणून झाल्या. सारखं दुकान आठवतंय. हे तागा झटकून उलगडायचे, गिऱ्हाईक "फाडा" म्हणायचं, पैसे गल्ल्यात. इतकं सोपं असायचं विकणं.
हिस्से माझ्या नावावर. होकार लिहून ठेवलाय, पाठवला नाही. यांना न विचारता आजवर पडदाही बदलला नाही मी.
संध्याकाळची, मगरिबची अजान झाली. हे नमाजाआधी हातपाय धुवायला, वजूला उठलेत, भिंत धरून. "सलमा, पाणी..."
फोन हातात, बोट 'पाठवा'वर.