कानबाईपर्यंत दूध नाही

१२ मार्च, बुधवार
दूध सोडलं. तूप, दही, ताक, पनीर, सगळंच. लिहून ठेवतेय, म्हणजे माघार घेता येणार नाही.
गेल्या आठवड्यात बँकेच्या कामाने सुरतेबाहेर, चलथाणपुढच्या एका तबेल्यात गेले होते. म्हशीपुढे भुसा भरलेलं रेडकाचं कातडं उभं केलेलं. ती ते चाटत होती आणि मागे धार काढणं चालू. तेव्हापासून चहाचा कप तोंडाशी नेला की तेच दिसतं.
सासूबाईंना, म्हणजे आईंना, सांगितलं. भाकरी थापता थापता आईंचा हात थांबला. “दूध सोडं? मांगला सालनी मायक चक्कर ईसन पडशी, तवय तुले कोन उचली?”
त्यांचंही चुकत नाही. गेल्या वर्षी हिमोग्लोबिन आठवर आलं, बँकेत काउंटरवरच आडवी झाले. दोन महिने दूध, खजूर, डिंकाचे लाडू करकरून आईंनीच मला उभं केलं. आणि दुधाचा पेला घेऊन तर लग्नापासून रोज रात्री समोर उभ्या असतात, संपेपर्यंत.

१५ मार्च, शनि.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जमेल. बी-ट्वेल्व्हची गोळी चुकवायची नाही, डाळी, तीळ, सोयाबीन भरपूर, तीन महिन्यांनी रक्त तपासायचं.
घरी करार: बाराच्या खाली आलं तर मुकाट्याने दूध सुरू. प्र. साक्षीदार. नवरा म्हणून तेवढंच काम केलं त्याने.

३० मार्च, पाडवा
श्रीखंड. माझ्या वाट्याचं प्र.ने खाल्लं, वर म्हणतो तुझ्यासाठी त्याग केला.
मी वरण-पोळीवर. पोळ्या काय मऊ झाल्या होत्या! आईंच्या हाताला तोड नाही.

२१ एप्रिल
ऑफिसात हेतलबेन: “दूध वगरनी चा? ए तो दवा कहेवाय!” प्यायलेच. औषधच होतं ते.
टोफू आणला. प्र.च्या मते पुठ्ठा. आईंनी मिरचीच्या ठेच्यात परतला, तर दोघांनी संपवला आणि मला चार तुकडे उरले.
चार जिने दम न लागता चढते हल्ली. खोटं नाही.

१४ जून, शनि.
रिपोर्ट आला. १२.४!!
नाचतच घरी आले. आईंपुढे कागद धरला. त्यांना वाचता येत नाही, पण बारा आकडा ओळखतात. चेहरा असा फुलला, आणि मग छाती पुढे काढून म्हणाल्या, “मंग? बठ्ठं मना तूपनं काम शे. रोज तुना वरनमां दोन चमचा टाकस मी. कणिक दूधमां भिजाडस.”
पहिल्या आठवड्यापासून. तीन महिने.
प्र.ला हसू आलं. मला नाही आलं.

१६ जून
बोलत नाहीये मी. स्वतःचं वरण वेगळं लावते. आई स्वयंपाकघराच्या दारात येतात, बघतात, जातात. मला वाईट वाटतं आणि रागही जात नाही. जिने मी चढत होते की ते तूप? आता काय सांगणार कुणाला.

२२ जून, रवि.
आज बोललो. म्हणजे मी भांडले, त्या कांदा चिरत राहिल्या.
मी म्हटलं, आई, तुम्ही फसवलंत मला.
तेव्हा म्हणाल्या, “लिंबायतना खोलीमां दिनभर लूमसाठे सूतन्या कांड्या भरू मी. दूध अर्धा लिटर. ते पोऱ्यासले. आमले कोनी दूध दिधं व? आते घरमां बाईना वाटानं दूध वनं, ते तू ढकली देस.”
माझं सगळं भांडण तिथेच संपलं. एवढी वर्षं त्या माझ्यासमोर दुधाचा पेला का घेऊन उभ्या राहायच्या, ते मला आत्ता कळलं. रडले. त्या म्हणाल्या, कांदाना शे. तेवढ्यावर मी माघार घेतली असती. नाही घेतली. मला ते दूध खरंच जात नाही, हे सांगितलं.
“बरं. कानबाईलोंग नही टाकाव. कानबाईनी आण.” कानबाई म्हणजे आमचं कुळाचं दैवत, श्रावणात घरी बसते; तोवर दूध-तूप टाकणार नाहीत. तिची शपथ आई उगाच घेत नाहीत. देवी बसायच्या आधी पुन्हा रक्त तपासायचं, ठरलं.

२० जुलै, रवि.
पोळ्या आता तशा मऊ होत नाहीत. म्हणजे शपथ पाळतायत.
कळण्याची, ज्वारी-उडदाची भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याचं भरीत. आई म्हणे, हे तर आम्ही जन्मभर खाल्लं. मग तुमच्या अंगात एवढी ताकद कुठून आली, विचारलं. त्यांनी माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली.
मंगळवारी जरा गळल्यासारखं वाटलं. कुणाला बोलले नाही.

१ ऑगस्ट, शुक्र.
रक्त दिलं. रिपोर्ट सोमवारी.

२ ऑगस्ट, शनि.
रोटांचं, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांचं, दळण. गिरणीतलं चालत नाही; तळमजल्यावरच्या कांताकाकूंचं जातं दोघांनी धरून चार जिने वर आणलं, प्र. आणि मी. प्र. मध्ये दोनदा बसला.
गहू मुठीने मोजायचे, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने एक मूठ. आईंनी प्र.ची घातली, दिरांची, पुतण्यांची. मग आणखी एक.
“ही कुणाची?” मी विचारलं.
“तुनी.”
“बायांची नसते ना?”
“मंग दयस कोन?”
खरंच, दळणाऱ्या तर आम्हीच. समोरासमोर बसून दळलं. सत्तरीच्या आईंनी खुंटा आधी सोडला. मुद्दाम सोडला का, माहीत नाही. उरलेल्या मुठी मी एकटीने दळल्या.

३ ऑगस्ट, रवि.
कानबाई बसली. घर भाऊबंदांनी भरलेलं. रोट, पुरण, गंगाफळाची म्हणजे लाल भोपळ्याची भाजी, खीर. मला खिरीची वेगळी वाटी.
“खोपराना दूधनी शे.”
“आण?”
“रोज रोज आण खातस का? पी.”
वास घेतला. खोबरं होतं, की नुसती वेलची. शपथ तर कानबाईपर्यंतचीच होती. आई जेवण वाढायचं सोडून माझ्या तोंडाकडे बघत उभ्या, पेला घेऊन उभ्या राहायच्या तशाच.
प्यायले. वाटी पुसून.
रिपोर्ट उद्या.