मनकर्णाआत्याचा राहिलेला शॉट

हुडकेश्वर, नागपूर
९ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
गिरिधरचा शि. सा. न. वि. वि.

फोन असताना पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोनवर तू माझं पहिलं वाक्य ऐकून नाही म्हणतेस आणि मग हवापाण्यावर येतेस. पत्र मधेच तोडता येत नाही, फार तर फाडता येतं. तेवढी सोय तुझ्यासाठी ठेवली आहे.

बातमी अशी की आपली मनकर्णाआत्या ब्याऐंशीव्या वर्षी प्रसिद्ध झाली. सगळा उद्योग आमच्या भूमिकेचा. तिच्या कॉलेजातली मुलं इथे लघुपट महोत्सव भरवतात. त्यांना हिने सांगितलं, की माझ्या बाबांची आत्या ड्रॉइंगची मास्तरीण होती, तिने जुना कॅमेरा मिळवून नऊ छोटे सिनेमे काढले. लेखक, दिग्दर्शक, निर्माती सगळी तीच आणि एस.टी.च्या टपावर पेट्या चढवणारीही तीच. मुलं आली, माळ्यावरची रिळं घेऊन गेली आणि धुऊनपुसून संगणकात उतरवली. आता आपण सगळे तिथे चिरतरुण आहोत. मौद्याच्या बाजारात टुरिंग टॉकीजच्या तंबूत मुख्य खेळाआधी आत्याची दहा मिनिटं असायची, आठवतं? लोक मुख्य खेळ संपल्यावरही उठत नसत. आत्याचंच पुन्हा लावा म्हणत, कारण त्यात त्यांचे स्वतःचे बैल दिसायचे.

तर अठ्ठावीस डिसेंबरला आत्याचा सत्कार ठरला आणि आत्याने नाही म्हटलं. नववा सिनेमा अपुरा आहे, अर्ध्या कामाची शाल मी घेत नाही, असं तिने त्या पोरांना तोंडावर सांगितलं. नववा म्हणजे ‘आपली आपण’. गावातली मुलगी सायकल शिकते आणि शेवटी एकटी चालवत दिसेनाशी होते. सगळं चित्रित झालं, तो शेवट सोडून. त्या सकाळी नायिकेच्या पोटात दुखलं. पुढे नायिकेचं लग्न झालं आणि ती जबलपूरला गेली. नायिका कोण हे तुला सांगायला नको. पोटात का दुखलं हेही नको, कारण पूर्ण सिनेमाभर मागे कॅरिअर धरून मीच धावलो आहे. त्या चित्रपटातला माझा अभिनय म्हणजे एक उजवा हात.

ताई, ये आणि तो शॉट दे. बाकी क्षेम.

तुझी माया आटलेली नाही असं गृहीत धरून,
गिरिधर

जबलपूर
१७ नोव्हेंबर २०२५

चि. गिरिधरास,
अनेक आशीर्वाद.

पत्र फाडलं नाही. काजलने आधी वाचलं आणि फ्रिजवर चिकटवलं. सून म्हणून ही मुलगी चांगली आहे, फक्त हसते फार.

तू शहाणा, संस्कृत शिकलास, मग एकसष्ट वर्षांच्या बाईला सायकलवर बसवणं कोणत्या शास्त्रात लिहिलंय तेही कळव. माझे गुडघे जिना उतरताना बोलतात, शुगर आहे, आणि कॉलनीत मला लोक कुमुदजी म्हणतात. त्या वेळी आत्याने अंगणात सगळ्या पोरींना विचारलं, सायकल कोणाला येते? मला येते म्हणाले, कारण शेजारची कुंदा हात वर करायच्या बेतात होती. मला वाटलं, शूटिंगपर्यंत शिकून घेऊ. तुझ्यासारखा शिक्षक मिळाला, मग काय शिकणार! कॅरिअर सोडायचं नावच नाही.

भूमिकेला बसव. पाठमोरीच तर जायचं आहे. वेणी घाल, परकर-पोलकं नेसव, कोण ओळखतंय?

आत्याला माझा नमस्कार सांग, पण हे पत्र वाचून दाखवू नकोस.

जीव लावतोस तसाच लावत राहा.
तुझी ताई

हुडकेश्वर
२४ नोव्हेंबर २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून दाखवलं. तू नको म्हणालीस तेव्हाच ते अटळ झालं.

भूमिकेचा प्रस्ताव आत्यापुढे ठेवला. भूमिकेने वेणीही घातली होती. आत्याने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, शिकली कोण अन् चालवन कोण? शिकली थे, तं चालवन थेच. मी विद्वत्ता पाजळली. म्हटलं, आत्या, आधीच्या शॉटमध्ये मुलगी सतरा वर्षांची आहे आणि पुढच्या शॉटमध्ये आजी, प्रेक्षकांना खटकेल. त्यावर ती म्हणते, सिनेमात मधले वर्स दाखवत नसते गा, तुले एवढं बी माहीत नाही काय? मी पंचवीस वर्षं काव्यशास्त्र शिकवतो आहे. त्या दिवशी उठून सगळ्यांसाठी चहा टाकला.

पण एक गोष्ट गमतीत सांगता येत नाही. आत्याच्या डाव्या डोळ्याची नजर गेल्यातच जमा आहे आणि उजव्याचीही मधोमध विरत चालली आहे. डॉक्टर म्हणाले, आहे तोवर पाहून घ्या. ती कोणाला काही बोलली नाही. मला मात्र म्हणाली, की सत्कार दरसाल कोणाचा ना कोणाचा होतेच, पण तो शॉट मले आता दिसला तर दिसला. भूमिकेने मोबाइलवर वाटेल तितक्या वेळा घेता येतं असं सांगितलं, तर आत्या म्हणाली, माह्या रिळात दुसरा टेक कधीच नव्हता, एकच घेईन.

आता तू ठरव. मी आग्रह करत नाही. हे वाक्य मी तीनदा लिहून खोडलं, यावरून काय ते समज.

मनात जागा आहे ती राहू दे,
गिरिधर

जबलपूर
६ डिसेंबर २०२५

चि. गिरिधरास,
अनेक आशीर्वाद.

येते. तेरा तारखेच्या गाडीने. सायकलही चालवता येते आता. काजलने तिची उतरवली, सीट खाली केलं, आणि आम्ही दोघी रोज पहाटे कॉलनीच्या मागच्या रस्त्यावर जातो. अंकित बाल्कनीतून आईचा आणि बायकोचा व्हिडिओ काढत होता. त्याला सांगितलं, तो कोणाला पाठवलास तर आठवडाभर दुधी भोपळा खाशील.

शेजारच्या मिश्राजींनी विचारलं, भाभीजी, ये कौनसा योगा है? मी म्हटलं, पिक्चर में काम मिला है. त्यांनी विश्वास ठेवला नाही. एकदा खरं बोलून बघितलं, तर तेही फुकट.

अटी ऐक. शूटिंगला तू, भूमिका आणि आत्या, चौथं माणूस नको. साडीच नेसीन. आणि तुझ्या त्या उजव्या हाताला घरी ठेवून ये.

काळजी नको. चांगली येते.

तुझी ताई

हुडकेश्वर
१६ डिसेंबर २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

‘चांगली येते’ हे तुझं विधान मी तपासून घ्यायला हवं होतं. एका सिनेमात एकाच नायिकेने दोनदा तेच सांगितलं, आणि दोन्ही वेळा आम्ही ऐकलं!

तू काही न सांगता संध्याकाळची गाडी पकडून गेलीस. निदान आमच्याकडून काय दिसलं ते तरी वाच. आमच्या घरामागचा नवा लेआउट: सरळ रस्ता, दोन्ही बाजूंना रिकामे प्लॉट, गवत आणि एखादं अर्धं घर. आत्या खुर्चीवर बसलेली, भूमिका कॅमेऱ्यापाशी. बसताना तुला आधार लागला, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. मी कॅरिअर धरलं, आत्याने हात वर केला, मी सोडलं, आणि ताई, तू गेलीस! थोडं डुलत, पण गेलीस. मला भरून आलं, हे कबूल करायला माझी हरकत नाही, पत्र तुझ्या सुनेने वाचलं तरी.

मग तू वळलीच नाहीस. मला वाटलं, आता ब्रेक लावेल. लावला नाहीस. लहान होत होत तू पार त्या टोकाच्या उतारावर गेलीस. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, की हिला थांबता येत नाही! मी धावायला निघालो, तर आत्याने बसल्या जागेवरून माझ्या शर्टाचं टोक पकडलं. म्हणाली, मांगं धावू नको गा, पिक्चर तिचा हाय. मी म्हटलं, आत्या, ती पडेल! ती म्हणाली, पडन तं उठन. शर्टाची शिवण उसवली, पण तिने सोडलं नाही. तू दिसेनाशी झाल्यावरही कॅमेरा चालूच होता. रिकामा रस्ता, गवत, कोणाची तरी चुकार बकरी.

बऱ्याच वेळाने तू सायकल हातात धरून, पदर खोचून, लाल चेहऱ्याने आलीस. आत्याने काही विचारलं नाही आणि तूही सांगितलं नाहीस. आत्ता तरी सांग, तिकडे काय झालं?

राग असला तर तोही पत्रातून यावा,
गिरिधर

जबलपूर
२० डिसेंबर २०२५

चि. गिरिधरास,
अनेक आशीर्वाद.

राग कसला? बोलले असते तर हसू फुटलं असतं, आणि मग रात्रभर थांबलं नसतं.

इथे थांबवायचं काम काजलचं होतं. ती पुढे जाऊन उभी राहायची आणि हँडल धरायची. मी नुसती सरळ जायचे. नागपुरात तेवढंच लागणार होतं की! पुढे काजल नसेल, हे उतार लागल्यावर लक्षात आलं.

आधी देवाचं नाव घेतलं. मग दोन बायका फिरायला आलेल्या दिसल्या, त्यांना ओरडले, बाजू व्हा वं, मले थांबता येत नाही! इतक्या वर्षांत माझ्या तोंडून ‘मले’ आलं नव्हतं. त्या बाजूला झाल्या आणि चक्क टाळ्या वाजवल्या. त्यानंतर गिरिधर, मला भीती वाटली नाही. साडीत वारा भरला होता. मागे कोणी धावत नव्हतं, हे पाठीला कळत होतं. वाटलं, असंच उमरेड रोडला लागावं. शेवटी एका बांधकामाच्या रेतीच्या ढिगात घुसले. लागलं काही नाही. तिथेच बसून पोटभर हसून घेतलं आणि मग रेती झटकून परत आले.

अंकितच्या सासरची मंडळी येणार आहेत, त्यामुळे अठ्ठावीसला येणं होत नाही. आत्या स्टेजवर गेली का, तेवढं लगेच कळव. गेली नाही, तर मी रेतीत उगाच बसले.

तुझी ताई

हुडकेश्वर
२९ डिसेंबर २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

लगेच कळवतो.

सभागृह भरलं होतं, बहुतेक भूमिकेच्या वयाची मुलं. आत्या पुढच्या रांगेत, तिच्या शेजारी मी. आयोजकांनी आधी शाल, मग सिनेमा असं ठरवलं होतं. आत्याने क्रम उलटा करायला लावला. आधी बघते, मग ठरवते, असं ती माइकवरच म्हणाली आणि पोरांनी शिट्ट्या वाजवल्या.

‘आपली आपण’ सुरू झाला. सतरा वर्षांची तू दोन वेण्यांत आणि तुझ्यामागे माझा हात. मुलं हसत होती, तू पडलीस की हाय करत होती. मग एकदम रंग आले, रुंद रस्ता आला, आणि साडीतली तू, चष्मा सावरत. क्षणभर सगळे गोंधळले. मग मागून कोणीतरी ओरडलं, अरे, तीच आहे! आणि सगळं सभागृह तुला ढकलायला लागलं, ताई. जा, जा म्हणून.

तू लहान होत गेलीस. भूमिकेला शेवटचा रिकामा रस्ता कापायचा होता, आत्याने कापू दिला नव्हता. आत्या पडद्याकडे बघत होती, पण तेवढी बारीक गोष्ट आता तिला दिसत नाही. माझ्या दंडाला हात लावून तिने हळूच विचारलं, गेली काय गा? मी म्हटलं, चालली आहे. थोड्या वेळाने पुन्हा विचारलं, दिसून राहिली काय अजून? मी म्हटलं, नाही आत्या, आता नाही दिसत.

मंग झालं, असं म्हणून ती उठली, आणि दिवे लागायच्या आधीच अंधारात पायऱ्या चाचपत स्टेजकडे निघाली. मी हात धरायला गेलो, तर तिने धरू दिला नाही.

आशीर्वाद असावा. माया तर आहेच.
गिरिधर