आधी माफी, मग नकार

९ जानेवारी

शाळेतून फोन आला. माझ्या शाळेतून! ग्रंथालयाच्या बाई बोलत होत्या – नव्या आहेत, वयाने माझ्या निम्म्या, आणि मला ‘मॅडम’ म्हणत होत्या. नववीला यंदा ती जुनी कादंबरी लावली आहे, कोळसेवाल्याच्या मुलीची. त्यातलं बालपण, शिक्षण आणि गरीब-श्रीमंत भेद यांवर मुलींशी तासभर बोलाल का? माझा कॉलेजातला बक्षीस मिळालेला निबंध त्यांना तिथल्या जुन्या वार्षिक अंकात सापडला म्हणे. “फार वेगळाच विचार मांडलाय मॅडम तुम्ही.”

त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी ‘हो’ म्हणून मोकळी झाले.

फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात स्वतःभोवती एक गिरकी घेतली. दिवसभर दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका शोधणाऱ्या शेहेचाळीस वर्षांच्या बाईला हे शोभत नाही. दुसरी घेतली.

१० जानेवारी

धाकटीला कळवलं. ती दोन घरं पलीकडे राहते. ओल्या हातांनीच आली. “ताई, त्या शाळेत फुकटच्या जागेवर शिकलीस, आता फुकट भाषण देणार. फिट्टंफाट!”

बाबांना ऐकू कमी येतं, पण हे बरोबर ऐकलं. “मीपण येणार,” म्हणाले. “व्हरांड्यातला तो पंखा अजून कुरकुरतो का, बघायचंय.”

मी म्हटलं, “बघू.”

‘बघू’ का म्हटलं? लिहूनच ठेवते, म्हणजे पळता येणार नाही. बाबा त्या शाळेचे बाइंडर होते. वर्षातून दोनदा खळीचा डबा, सुया आणि पुठ्ठे घेऊन व्हरांड्यात मांडी ठोकून बसायचे आणि ग्रंथालयाची फाटकी पुस्तकं बांधायचे. सातवीत असताना मधल्या सुट्टीत मी मैत्रिणींबरोबर तिथून चालले होते. बाबा माझ्याकडे बघून हसले. कंत्राटदाराच्या मुलीने विचारलं, “कोण गं ते?” मी म्हटलं, “काय माहीत. सगळ्यांकडेच बघून हसत असतील.”

बाबा चार हातांवर होते. आणि तेव्हा त्यांचे कान चांगले होते. घरी आल्यावर ते काही बोलले नाहीत. मीही नाही. चौतीस वर्षं झाली.

१२ जानेवारी

भाषणाचे सहा कागद झाले! हातच थांबेना. ऑफिसात कोणाच्या तरी आत्मचरित्राची तपासणी बाजूला सारून मागच्या कोऱ्या पानांवर लिहिलं. (कागद भरून देईन.)

मुद्दा निबंधातलाच. कोळसेवाल्याची मुलगी मोठ्या घरच्या मुलींच्या शाळेत शिकते. एका प्रकरणात ती वखारीत पोत्यावर बसून बापाची माफी मागते – ‘तुमची लाज वाटायची मला.’ आणि त्यानंतर, माफी मागून झाल्यावर, बक्षीससमारंभाच्या दिवशी अंग घासून-पुसून फाटकाशी उभ्या असलेल्या बापाकडे बोट दाखवून म्हणते, ‘तो आमच्याकडे कोळसा टाकतो.’ शेवटच्या प्रकरणात बाप वारलेला असतो. माझं म्हणणं असं, की लेखिकेने मुद्दामच क्रम असा ठेवला. आधी माफी, मग नकार. पश्चात्तापापेक्षा शाळा बलवत्तर! माफी मागून काही सुटत नाही. परीक्षकांनी समासात लिहिलं होतं – ‘मूलगामी’.

तो शब्द मी अजून जपून आहे. हे लिहितानासुद्धा बरं वाटलं. हावरटच आहे मी.

१५ जानेवारी

देवा!!

मुलींना पानांचे आकडे सांगावे म्हणून वाचनालयातून नवी प्रत आणली. आमच्या घरच्या प्रतीत आकडेच नाहीत. ती शाळेचीच जुनी प्रत. बाबांनी बांधलेली, आणि शाळेने रद्दीत काढल्यावर घरी आणलेली. कडा कुरतडल्या होत्या म्हणून बाबांनी त्या कापल्या, त्यात खालचे आकडे गेले. प्रकरणांना क्रमांक नाहीत, नुसती नावं.

नव्या प्रतीत समारंभ आधी आहे. वखार नंतर. आधी नकार, मग माफी. बाप मरतो तो मुलीशी बोलून, तिच्या हातचं पाणी पिऊन.

आमची प्रत उलटी बांधली गेली आहे! सोळा-सोळा पानांच्या घड्या असतात पुस्तकात, बाबा त्यांना फर्मे म्हणतात. त्यातले दोन एकमेकांच्या जागी बसले, आणि नेमकी दोन्ही प्रकरणं आपापल्या फर्म्यात पूर्ण मावलेली. म्हणजे माझा मूलगामी विचार हा बांधणीचा दोष आहे. आणि मी पोटासाठी चुका शोधते!

तासभर एकटीच हसत होते. मग आठवलं – म्हणजे परीक्षकांनी कादंबरी वाचलीच नव्हती. पुन्हा हसले.

१६ जानेवारी

धाकटी हसून हसून जमिनीवर बसली. “ताई, बाबांनी विज्ञानाचं पुस्तक असं बांधलं असतं तर तू आज डॉक्टर असतीस. आधी ऑपरेशन, मग तपासणी.”

हसू ओसरल्यावर म्हणाली, “मग आता काय म्हणणार तू मुलींना?”

काय म्हणणार? ‘माफी मागून काही सुटत नाही’ हे मला फार सोयीचं होतं, ते आज दिसलं. पुस्तकातच लिहिलंय म्हटल्यावर मला काही करावंच लागत नव्हतं. आता पुस्तक उलटलं आणि बाबा एकोणऐंशी वर्षांचे आहेत.

भाषणात सांगितलं तर टाळ्या पडतील, ते काही खरं नाही. आधी बाबांना. घरात. समोरासमोर.

१७ जानेवारी

सांगितलं नाही. प्रत मात्र दाखवली. स्टेजवरून त्यांची चूक काढायची आणि त्यांना आधी कल्पनाही द्यायची नाही, हे बरं नव्हे.

बाबांनी चष्मा लावला, पुस्तक उलट धरून पाठीकडून दोरे मोजले. पुन्हा एकदा मोजले. माझा जीव टांगणीला – ‘यांच्या हातचं पान हलत नाही’ अशी त्यांची ख्याती. शेवटी म्हणाले, “उलटे लागलेत. माझ्याच हातून.” आणि मग, “यावर तुला बक्षीस दिलं त्यांनी?” आणि खोकला लागेपर्यंत हसले.

लगेच पुस्तक उसवायला घेतलं. मी शेजारी बसले. म्हटलं, आत्ताच.

“बाबा, मला एक सांगायचंय –”

“दोरा धर. ताणून. सैल नको.”

“सातवीत असताना –”

“अगं, ताणून म्हटलं ना!”

दोरा धरला. फर्मे आपल्या जागी गेले. माझं वाक्य राहिलं.

१९ जानेवारी

दोनदा प्रयत्न. पहिल्या वेळी वाफारा आडवा आला – सर्दी झालीय त्यांना, डोक्यावर टॉवेल घेऊन वाफ घेत होते, आतून “हं, हं” येत होतं, पण ऐकू जात नव्हतं. टॉवेलची माफी मागणं खरं धरता येईल का? नाही. दुसऱ्या वेळी मीच ‘चहा घेणार का’ विचारून बाहेर आले. भित्री.

२० जानेवारी

नवीन बूट चावतात. तरी तेच घालणार!

२१ जानेवारी

क्रमाने लिहिते. (आता तरी!)

सभागृह भरलेलं. बाबा पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या सदऱ्यात. पंखा बदललाय, म्हणून जरा नाराज. मी सहा कागद घरी ठेवून गेले होते. उलट्या फर्म्यांची गोष्ट सांगितली तेव्हा मुली बाकांवर थापा मारून हसल्या. बाबांना राहवलं नाही. उभे राहून म्हणाले, “चूक माझी. पण शिलाई बघा, अजून एक टाका सुटलेला नाही.” त्यांनाच माझ्यापेक्षा जास्त टाळ्या. ग्रंथालयाच्या बाईंनी ती प्रत मुलींच्या हाती फिरवली. मी तर जमिनीपासून वीतभर वर होते.

मग तिसऱ्या बाकावरची एक चष्मेवाली उठली. “मॅडम, तुम्ही असं कधी केलंत का? त्या मुलीसारखं?”

‘नाही’ म्हणावं तर पुन्हा तेच. ‘हो’ म्हणावं तर बाबांच्या आधी दोनशे जणींना. मी म्हटलं, “एक मिनिट थांब, मला आधी एकांना सांगायचंय.” खाली उतरले, बाबांच्या कानाशी वाकले आणि हळूच सांगितलं.

“काय?” बाबा म्हणाले. “मोठ्याने बोल.”

थोड्या मोठ्याने सांगितलं.

“अगं, ऐकू येत नाही. घसा मोकळा करून बोल.”

मग बोलले. शाळेच्या त्या सभागृहात, खणखणीत – “सातवीत असताना मी तुम्हाला ओळखत नाही म्हटलं! इथेच, व्हरांड्यात! माझं चुकलं, बाबा!”

टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती – बाबा सोडून सगळ्यांना.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत काय होतं, मला वाचता आलं नाही. म्हणाले, “बरं. ऐकलं. आता जा वर, मुली खोळंबल्यात.”

वर गेले. चष्मेवालीला म्हटलं, “हो, केलंय.” ती म्हणाली, “कळलं, मॅडम.” आणि सगळ्या हसल्या, मीही. बूट कधी काढून ठेवले होते, आठवत नाही. परत येताना रिक्षात गात होते. बाबा बाहेर बघत होते. दमले असतील.

२२ जानेवारी

सकाळी चहाचा कप हातात धरून बाबा म्हणाले, “त्या कंत्राटदाराच्या मुलीने आधी मला विचारलं होतं. नकाशाच्या वहीला पुठ्ठा घालून घ्यायला आली होती. म्हणाली, ती वेणीवाली तुमची मुलगी ना, तोंडावळा सारखा आहे. मी म्हटलं, नाही गं बाळ, माझी मुलगी कुठली एवढ्या मोठ्या शाळेत. नंतर तू नाही म्हणालीस ते ऐकलं, तेव्हा हायसं वाटलं. म्हटलं, चला, दोघांचं उत्तर जुळलं.” मग कप खाली ठेवला. “मी तर बाप होतो. काल तू सगळ्यांसमोर बोललीस. माझी हिंमत झाली नाही.”