पाडव्याचा फेटा आणि दाजींचं इंजिन

मु. बोरमाळ, कडेगावनजीक
कार्तिक वद्य द्वितीया, शके १८६७

तीर्थस्वरूप जोतीराम दाजी यांचे चरणी कृष्णाताचा शिरसाष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत (माझ्या मानेविषयी पुढे लिहितो). कानपुरात थंडी पडू लागली असेल. सोनं गाळायच्या भट्टीपुढून उठून आपण तसेच बाहेर वाऱ्यावर जाता, असं रंगूताईनं मागच्या पत्रात कळवलं होतं. तसं करू नये. कान बांधत जावेत. ताईचा गुडघा कसा आहे? आईनं तिला एरंडाचं पान शेकून बांधायला सांगितलंय. कानपुरात एरंड मिळत नसेल तर तसं कळवावं, म्हणजे आई दुसरं काही सांगेल.

आपण पाठवलेलं इंजिन अक्षय्यतृतीयेला सुरू झालं, हे मागं कळवलंच आहे. पण तेव्हा आईचं मन दुखेल म्हणून अर्धी हकीकत गाळली होती. आता आईचीच परवानगी आहे, म्हणून सगळं लिहितो.

गिरणी सुरू झाली त्या दिवशी गावातल्या बायका दळणाच्या पाट्या घेऊन ओळीनं उभ्या होत्या आणि आमची आई एकटी घरात जात्याला पाठ लावून बसली होती. म्हणाली, मशीनच्या पिठाला रॉकेलचा वास येतो, भाकरी घशाखाली उतरत नाही. आता ज्याच्या घरची गिरणी त्याच्याच घरी हातानं दळण, म्हणजे गावात काय शोभा राहिली? म्हणून मी एक शहाणपण केलं. हरणाबाईला (आपली मेव्हणी नव्हे, माझी बायको; शिराळ्यातही एक हरणाबाई आहे म्हणून खुलासा) दोन भाकरी करायला लावल्या, एक जात्याच्या पिठाची, एक गिरणीच्या. आईनं डोळे मिटून दोन्ही चाखल्या. एक ताटात सारून म्हणाली, ही जळकी, ही तुझ्या भुताची. दुसरी शेवटच्या घासापर्यंत चवीनं खाल्ली. ती गिरणीची होती. मी हसलो. दाजी, माणसानं अशा वेळी हसू नये. आईनं दोन दिवस माझ्याशी बोलणं टाकलं आणि तिसऱ्या दिवशी एक रिकामं पोतं बगलेत मारून गिरणीत आली. इंजिनासमोर पोतं अंथरून बसली आणि म्हणाली, "ह्यात खोट हाय. ती सापडंपातुर मी हितनं हलत न्हाई."

तेव्हापासून ती रोज येऊ लागली. बिराप्पा (आपला इंजिनवाला, जतकडचा, अर्धं कानडी बोलतो) इंजिनाला पाणी कधी घालतो, तेल कुठं सोडतो, चाक कसं फिरवतो, पट्टा उतरवायचा झाला की बाभळीच्या काठीनं कसा बाजूला सारतो, हे सगळं ती न बोलता बघत असे. बिराप्पा मला म्हणायचा, "मालक, आवं म्हातारी बघाय लागली की हात कापतोय माजा."

बाकी गिरणीचे गावावर उपकार फार. हरणाबाईचे खांदे दुखायचे थांबले. पहाटे पहिल्या कोंबड्याला उठून दोन पायल्या ओढायच्या आणि मग भांगलणीला जायचं, हे काय असतं ते मी आजवर बिछान्यातूनच ऐकलं होतं, त्यामुळं त्यात वजन असतं हे मला ठाऊकच नव्हतं. पण एक वाईटही झालं, ते लपवत नाही. पूर्वी एखाद्या घरचं जातं वाजलं नाही की शेजारीण भिंतीपलीकडून हाक मारायची, काय गं, बरं न्हाई का? आता सगळीच घरं पहाटे गप्प. आपल्या गल्लीतली राहीबाई श्रावणात दोन दिवस तापानं फणफणत पडली होती, एकटं माणूस, आणि कुणाला पत्ता नाही. आईच्याच ध्यानात आलं की ही दोन दिवस दळणाला आली नाही. ती उठून गेली, काढा दिला, डोक्यावर पट्ट्या ठेवल्या. राहीबाई वाचली. त्या दिवसापासून आई पोत्यावर बसून कोण आलं, कोण नाही, तेही बघू लागली.

आता पाडव्याचं. आपण ताईच्या हातून धाडलेला गुलाबी फेटा मी त्या दिवशी पहिल्यांदा बांधला. शेमला चांगला कमरेखाली सोडला होता. इंजिनाला झेंडूची माळ घातली, नारळ फोडला. बायका जमल्या होत्या, म्हणून मला बोलायची हुक्की आली. मी पट्ट्याकडं पाठ करून उभा राहिलो आणि आता नवं युग आलं आहे, यंत्र माणसाचं चाकर आहे, वगैरे सांगू लागलो. तोच मागून कुणीतरी लाडानं शेमला ओढला. मला वाटलं, बिराप्पा. बिराप्पा तर विडी ओढायला बाहेर गेला होता. आपण पाठवलेल्या दोन वस्तूंची, दाजी, माझ्या पाठीमागं गाठ पडली होती.

फेटा सुटू लागला आणि फेट्याबरोबर मी भोवऱ्यासारखा फिरू लागलो. बायकांना वाटलं, हाही पाडव्याचाच कार्यक्रम. त्या पोट धरून हसू लागल्या. दोन गिरक्या मीही हसण्यावारी नेल्या. मग एक वेढा घसरून गळ्यात आला आणि आवळला. माझा आवाज बंद झाला. टाचा जमिनीला घासत मी चाकाकडं ओढला जाऊ लागलो. डोळ्यांपुढं काळं झालं. खोटं सांगत नाही, त्या क्षणी मला आपली, ताईची, कुणाचीच आठवण झाली नाही. फक्त पट्ट्याची फटक फटक ऐकू येत होती.

आई पोत्यावरून उठली. ओरडली नाही, माझ्याकडं धावलीही नाही. कोपऱ्यातली बाभळीची काठी उचलली, बिराप्पा लावतो तशीच पट्ट्याच्या कडेला लावली आणि सगळं अंग टाकून रेटली. पट्टा चाकावरून सुटून खाली पडला. गिरणीचं जातं घरघरत थांबलं. फेटा सैल झाला आणि मी पिठाच्या ढिगात बसलो.

मग आईनं आधी माझ्या दोन मुस्काटात दिल्या आणि नंतर मला पोटाशी धरलं. म्हणाली, "बैलाला थांब म्हटलं की थांबतंय रं. ह्याला कान न्हाईत, कृष्णाता. कान आपुन ठिवायचं." दिवस मावळेपर्यंत तिनं माझा हात सोडला नाही. बेचाळीस वर्षांचा बाप्या मी, गावादेखत आईचा हात धरून बसलो, आणि मला त्याची जराही लाज वाटली नाही.

तेव्हा आपण इंजिन पाठवलंत याबद्दल आपले उपकार. आणि आईला त्यात खोट शोधायची बुद्धी झाली, याबद्दल देवाचे. गिरणीत आता फेटा, पदर, उपरणं सगळं खोचून आत यायचं, असा आईचा कायदा आहे. बिराप्पासुद्धा तिला विचारल्याशिवाय विडीला जात नाही. लहानांस आशीर्वाद. ताईस सांगावं, काळजी करू नये.

आपला
कृष्णात

ता. क. पट्टा पडला तो नुसता पडला नाही, उभा फाटला. तेव्हा वर जे काही ‘आता’ म्हणून लिहिलं आहे, ते गिरणी सुरू असती तर, असं समजून वाचावं. पाडव्यापासून ती बंद आहे. लढाई संपली तरी साताऱ्यात नाही, सांगलीत नाही, कुठंच पट्टा मिळत नाही. कानपूर चामड्याचं शहर, म्हणून पत्र.

ता. क. दुसरा. आई म्हणते, एक नको, दोन धाडा. मी म्हटलं, इंजिन परत पाठवा म्हणणारी तूच ना? तर म्हणाली, ते आधीचं.

ता. क. तिसरा. दळणाचा वेळ वाचला तसं हरणाबाईनं मास्तरीणबाईंकडं लिहा-वाचायला जाणं धरलं होतं. तिला चार ओळी स्वतःच्या हातानं लिहायच्या आहेत. मी वाचलेल्या नाहीत. वाचू देत नाही.

दाजी मी हरणाबाई. माझं हे पहिलं पतर. तुमचं इंजिन आलं तवापासून माझे हात दुखत नवते. तुमचे लय उपकार. घरचे लिहितात तेवढे ते शूर नवते. लय रडले. गिरणी बंद हाय मून मी परत पहाटे जातं ओढते. मग बाईंकडं जायला होत नाही. जोडून लिहायची अकशरं शिकायची राहिली. पटा आला की शिकीन. पटा लवकर धाडा.